पेंढारकर काकांचं लॉगिन

मुग्धा टिळेकरला पगार मिळायचा तो लोकांचं येणं-जाणं वाचायचा. ती दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या औद्योगिक भागातल्या एका शीतगृहांच्या कंपनीत होती. दुसऱ्यांची औषधं, मासळी, फळं थंडीत जपून ठेवायची आणि सांगितल्या दिवशी बाहेर काढून द्यायची, असा कंपनीचा धंदा. कंपनीच्या सिस्टीममध्ये कुणीही शिरलं की एक ओळ उमटते: कोण आलं, कुठून आलं, कुठल्या मशीनवरून आलं, आत घेतलं की दारातून परत पाठवलं. अशा हजारो ओळी रोज साचायच्या. इतरांना ती नुसती रटाळ अक्षरं वाटत, मुग्धाला मात्र त्यात माणसं दिसायची. कोण उशिरा येतो, कोण सुट्टीवर असूनही कामात डोकं घालतो, कुणाचा पासवर्ड दर सोमवारी चुकतो, हे ती ओळी बघून सांगायची.

मूळची ती कराडची. पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण झालं, तिथेच सिद्धांतशी लग्न झालं, आणि नोकरी मिळाली ती एकदम इथे. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही पुरेपूर माहीत होतं. वर्षातून एकदा ती सगळ्या स्टाफला सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायची. खोट्या मेलवर कुणी कसं क्लिक केलं याचे किस्से नावं न घेता, पण सगळ्यांना नाव कळेल अशा बेताने सांगायची. लोक हसायचे. ज्याचा किस्सा असायचा तोही कसनुसा हसायचा. मुग्धाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

कंपनीत आणखी एक मराठी घर होतं. विजयकुमार पेंढारकर अकाउंट्समध्ये सीनियर होते, साठीच्या अलीकडचे. मुग्धा नवी आली तेव्हा सिद्धांत अजून पुण्यातच होता आणि लेक शुभ्रा लहान होती. पेंढारकर आणि मुग्धा दोघंही दुबईत अल कुसैसला राहायची, कंपनीच्या एकाच बसने जायची. ती फोनवर आईशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि उतरताना सरळ म्हणाले, आमची ही घरीच असते, लेकीला पाळणाघरात कशाला ठेवता? तेव्हापासून सिद्धांतची बदली होऊन तो येईपर्यंत शुभ्रा शाळेनंतर अनुपमा काकूंकडेच असायची. काकू तिला वरणभात भरवायच्या आणि मराठीतून दटावायच्या. ती इंग्रजीतून उत्तर द्यायची. हापूसची पेटी दिसली की काकू भाव दिरहममध्ये विचारायच्या, मनात रुपये करायच्या, घाबरायच्या, आणि तरीही शुभ्रासाठी पेटी घ्यायच्या.

पुढे सिद्धांत आला, मुग्धाने गाडी घेतली, बस सुटली. जाणं-येणं सणावारावर आलं. ऑफिसात काका दिसायचे. हल्ली त्यांना मान जरा तिरकी करून बोलायची सवय लागली होती, समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघितल्यासारखं. मुग्धाला वाटलं, वयाबरोबर माणूस जरा आढ्यताखोर होतो.

मग हिवाळ्याच्या सुरुवातीला कंपनीच्या गिऱ्हाइकांना खोट्या मेल जायला लागल्या. त्यात माल कुठला, किती, कधी सुटणार, हे सगळं खरं असायचं. खोटा असायचा तो फक्त पाठवणारा. म्हणजे कुणीतरी आत शिरून फायली वाचत होतं. दोन मोठी गिऱ्हाइकं बिथरली. आयटीचे प्रमुख तहसीन साहेब कराचीचे, शांत माणूस, पण त्या दिवशी ते मुग्धाच्या टेबलापाशी येऊन उभेच राहिले. बाकी सगळं बाजूला ठेव आणि लॉगिनचे लॉग, म्हणजे त्या येण्याजाण्याच्या ओळी, काढ, एवढंच त्यांनी सांगितलं.

मुग्धाने लॉग काढले. एवढ्या पसाऱ्यात बघायचं कुठून, तर तिची एक आवडती युक्ती होती: एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असला तर त्यातला एक खोटा. तिने तशी चाळण लावली, आणि एकच नाव वर आलं. विजयकुमार पेंढारकर.

ते ऑफिसात आपल्या टेबलावर लॉगिन असायचे आणि त्याच वेळी त्यांच्याच नावाने दुबईतल्या कुठल्याशा घरगुती इंटरनेटवरून दुसरं कुणीतरी आत आलेलं असायचं. एखाद्या दिवशी नव्हे, रोज. त्यात भर म्हणजे बाहेरून लॉगिन करताना फोनवर परवानगी द्यावी लागते, ती काकांच्या स्वतःच्या फोनवरून दिलेली होती. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला म्हणायलाही जागा नव्हती. हा माणूस स्वतः दार उघडून कुणाला तरी आत घेत होता.

तिला धक्का बसला हे खरं. पण धक्क्याच्या पाठोपाठ गुदगुल्याही झाल्या, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच. इतका स्वच्छ पुरावा तिच्या हाती पूर्वी कधी लागला नव्हता. त्याच फाईलमध्ये ते दुबईचं लॉगिन संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही दिसत होतं, जेव्हा काका घरीच असणार. ते घर त्यांचंच असेल का, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडलाही असेल. तिने तो मनावर घेतला नाही.

काकांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. संशयिताला आधी सावध करायचं नाही असा नियम होता, आणि नियम तिनेच लिहिला होता. तिने फोन केला नाही. तहसीन साहेबांनी विचारलं, "मुग्धा, पक्का है?" ती म्हणाली, "पक्का है, सर."

मीटिंगला तहसीन साहेब होते, एचआरच्या मॅडम होत्या, फायनान्सचे डायरेक्टर होते. मुग्धाने पडद्यावर सगळं मांडलं, एकापुढे एक, कोर्टात मांडावं तसं. मग काकांना बोलावलं. ते दारातून आले, खुर्चीची पाठ हाताने चाचपली आणि बसले. एचआरच्या मॅडमनी इंग्रजीत आरोप वाचला. मुग्धाने छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यावरच्या महत्त्वाच्या ओळी तिने पिवळ्या केल्या होत्या.

"काका, या ओळी बघा," ती मराठीत म्हणाली. "पिवळ्या केल्यात त्या."

त्यांनी कागद जवळ घेतला, मान तिरकी केली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हो, बघतोय."

बोट कागदाच्या तळाशी कोऱ्या जागेवर होतं. पिवळ्या ओळी वर होत्या. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसलं. फक्त काकांना दिसलं नाही.

क्षणभर कुणीच बोललं नाही, आणि त्या शांततेवरूनच काकांना समजलं असावं. त्यांनी कागद खाली ठेवला. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत, सावकाश, एकेक वाक्य नीट जुळवत सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, चालता-फिरता येतं, माणसं आवाजावरून ओळखता येतात, पण अक्षर दिसत नाही. दोन वर्षं झाली. फोन स्क्रीनवरचं बोलून दाखवतो, त्यावरचं बटण दाबता येतं. काम बायको घरून करते, त्यांच्या नावाने. ती पूर्वी कोल्हापूरला बँकेत होती. मुलगा अंश पुण्याला शेवटच्या वर्षाला आहे, त्याचं संपेपर्यंत रेटायचं ठरवलं होतं. "चोरी आम्ही केलेली नाही," ते म्हणाले. "नियम मोडला, ते खरं आहे."

ती वर्षानुवर्षं या माणसाच्या येण्याजाण्याच्या ओळी वाचत होती, आणि समोर बसलेला माणूस तिला वाचता आला नव्हता. तिरकी मान. खांद्याकडे बघणं. ते बिचारे कडेच्या नजरेने तिचा चेहरा शोधत होते आणि ती त्याला आढ्यता म्हणत होती.

तिने तेव्हाच म्हणायला हवं होतं की जरा थांबा, ही चोरी या घरातून झाली हे मी अजून तपासलेलं नाही. डायरेक्टर म्हणाले, मग माहिती त्या घरच्या लॅपटॉपमधूनच गळली असणार. तहसीन साहेबांनी मुग्धाकडे बघितलं. "पॉसिबल है," ती म्हणाली. ज्या पुराव्याचं इतकं कौतुक वाटलं होतं तो असा हातातून निसटून जाणं तिला सोसवलं नाही. एवढा एकच शब्द, आणि तोही खोटा नव्हता. होऊ शकतं खरंच. पण त्या शब्दावर काकांचं सगळं उरकलं. पोलिसांकडे जाणार नाही, पण राजीनामा आजच द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मान्य केलं. सही कुठे करायची ते एचआरच्या मॅडमनी त्यांचा हात धरून दाखवलं.

घरी तिने सिद्धांतला सांगितलं तेव्हा तो पोळ्या लाटत होता. तो एवढंच म्हणाला, "तू आधी त्यांना विचारलं नाहीस?" तिने नियम सांगितला. तो पुढची पोळी लाटायला लागला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पंधरवडाही गेला नसेल, तोच तहसीन साहेब पुन्हा टेबलापाशी आले. खोट्या मेल चालूच होत्या. त्यात परवा आलेल्या मालाची माहिती होती, आणि पेंढारकरांचं अकाउंट तर कधीच बंद झालं होतं.

या वेळी मुग्धाने चाळण लावली नाही. सगळ्या ओळी पहिल्यापासून वाचायला घेतल्या, आधी चुकलेले पासवर्ड, मग त्यांच्यानंतर जुळलेले. आणि मग तिला ते दिसलं. चोराने एका दारावर शंभर किल्ल्या चालवल्या नव्हत्या. तसं केलं असतं तर दार आपोआप बंद झालं असतं. त्याने एकच किल्ली घेतली होती, कंपनीचं नाव आणि पुढे साल असला बावळट पासवर्ड, आणि ती सावकाश, दिवसाला थोडी थोडी, सगळ्यांच्या दारांना लावून बघितली होती. प्रत्येक दार एकदाच नाही म्हणालं होतं, म्हणून घंटा वाजली नव्हती. आणि एक दार उघडलं होतं.

ते दार सोनमचं होतं. सोनम म्हणजे कस्टमर सर्व्हिसमधली मुलगी, लग्न करून कॅनडाला गेलेली. ती गेली त्या आठवड्यात तिचं अकाउंट बंद करायची विनंती आली होती. विनंतीपुढे 'पूर्ण' असं लिहिलेलं होतं. लिहिणारी मुग्धा टिळेकर.

तिला ती दुपार आठवली. सोनमचा मेल तिने बंद केला होता. बाहेरून आत यायचा रस्ता वेगळा बंद करावा लागतो, जुन्या अकाउंटना तर फोनची परवानगीही लागत नव्हती. ते नंतर करू म्हणून ठेवलं, आणि काम साचलेलं दिसू नये म्हणून खूण मात्र करून टाकली. आणि हे सगळं, दारोदार फिरलेली किल्ली, सोनमचं उघडलेलं दार, सगळं त्याच फाईलमध्ये होतं. काकांच्या ओळी पिवळ्या करताना तिने याच ओळींवरून खाली उडी मारली होती.

ती वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. रडू आलं नाही. ट्रेनिंगमध्ये नाव न घेता तिने ज्यांचे किस्से सांगितले होते ते चेहरे मात्र एकामागून एक आठवत राहिले.

तिने सोनमचं अकाउंट बंद केलं, आणि मग तहसीन साहेबांना सगळं दाखवलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला आणि म्हणाले की रिपोर्टमध्ये प्रक्रियेत त्रुटी राहिली असं लिही, कुणाचं नाव नको. ते मनापासून तिला सांभाळत होते. मुग्धा म्हणाली, "सर, पेंढारकरसाहब का नाम तो हमने लिखा था."

तिने आपलं नाव लिहिलं. शिवाय पेंढारकरांचा चोरीशी काही संबंध नाही, असं पत्र कंपनीने त्यांना द्यावं असं मागितलं, आणि ते मिळेपर्यंत एचआरच्या मॅडमच्या मागे लागली. पत्र मिळालं. नोकरी मात्र परत मिळाली नाही, कारण पासवर्ड दुसऱ्याला देणं हा नियमभंग होताच. मुग्धाला लेखी ताकीद मिळाली. तिला वाटलं होतं काढून टाकतील. आत कुठेतरी तिने तशी आशाच केली होती. पण कामाची माणसं कंपन्या सहजासहजी सोडत नाहीत. तिचं अपुरं काम माफ झालं, काकांचं पुरं केलेलं काम माफ झालं नाही.

पत्र घेऊन ती अल कुसैसला त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. आत खोकी बांधून ठेवलेली होती, भिंतीवरच्या तसबिरी उतरलेल्या होत्या. काका डॉक्टरकडे गेले होते. काकूंनी तिला बसवलं, चहा टाकला, शुभ्राची चौकशी केली. सगळं नेहमीसारखं, आणि मुग्धाला वाटलं की त्यांनी दार लावून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं.

तिने सगळं सांगितलं. सोनमचं अकाउंट, खोटी खूण, मीटिंगमधला तो एक शब्द. काही गाळलं नाही. काकूंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "तू फोन का नाही केलास?"

"नियम होता," असं मुग्धाच्या तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, "मला वाटलं, मला सापडलंय. ते हातचं जायला नको होतं."

"एवढंच ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या. "यांना मी म्हणत होते, मुग्धाची नोकरी आडवी आली असेल, बिचारीचा नाइलाज असेल. ते म्हणाले, नाही, तिच्या आवाजात नाइलाज नव्हता."

मग बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लग्नानंतर बँकेची नोकरी सोडून त्या इथे आल्या, पंचवीस वर्षं घर सांभाळलं. यांचे डोळे गेले तेव्हा लॅपटॉपवर बसायला लागल्या, सुरुवातीला भीत भीत. नंतर सकाळ कधी होते असं व्हायचं. मेलवर लोक पेंढारकर सरांना थँक्यू म्हणायचे आणि त्या इथे एकट्या खूश व्हायच्या. "चुकीचंच होतं ते," काकू म्हणाल्या. "पण काम चोख होतं. एक आकडा कधी चुकला नाही. तुझ्या त्या मीटिंगमध्ये हे कुणी बोललं का?"

कुणीच बोललं नव्हतं. मुग्धाने मान हलवली. चहा गार झाला होता, तो तिने तसाच प्यायला. निघताना वाकून नमस्कार केला. काकूंनी आशीर्वाद पुटपुटला, पण नेहमी पाठीवर फिरायचा तो हात या वेळी फिरला नाही.

एवढ्यावर संपलं असतं. पण गावाकडे असो की आखातात, मराठी माणसाच्या घरची बातमी घराघरात पोचतेच. संक्रांतीनंतर तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. मुग्धाला जायचं नव्हतं, शुभ्राच्या नाचामुळे जावं लागलं. वाण घेता घेता समिधा नावाची एक बाई, कामाला उत्साही आणि जिभेला तशीच, शेजारणीला सांगायला लागली की पेंढारकरांना काढलं म्हणे, कंपनीची माहिती विकत होते, बायकोही सामील होती. तिने मग मुग्धाकडेच वळून विचारलं, "तुमच्याच कंपनीत ना गं? तूच पकडलंस म्हणे."

ते कौतुकाने विचारलेलं होतं. आजूबाजूच्या चारपाच जणी ऐकायला थांबल्या. काही न बोलता हसून पुढे सरकता आलं असतं.

"त्यांनी काही विकलं नाही," ती म्हणाली. "चोर आत आला तो माझ्या चुकीमुळे. मी एक काम न करताच केलं म्हणून लिहिलं होतं. आणि न तपासता त्यांचं नाव घेतलं. काकांना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून काकू त्यांचं काम करत होत्या. इतकंच होतं."

समिधाने तिच्या हातावर अत्तर लावलं, तिळगूळ ठेवला आणि दुसरीकडे वळली. त्यानंतर मंडळात मुग्धाशी लोक जपून बोलायला लागले. पेंढारकरांबद्दलची बातमी मात्र हळूहळू बदलली, एवढं तिच्या कानावर आलं.

घरी येताना गाडीत शुभ्राने विचारलं, "आई, व्हाय डोन्ट वी गो टू काकूज हाउस एनी मोर?" सिद्धांतने आरशातून मुग्धाकडे बघितलं. मुग्धा म्हणाली की मी त्यांच्याशी वाईट वागले. शुभ्रा म्हणाली, "देन से सॉरी." म्हटलंय, मुग्धा म्हणाली.

पेंढारकर पुण्याला गेले. मुग्धा अजून त्याच कंपनीत आहे, तेच काम करते. ट्रेनिंगही घेते, पण त्यात आता किस्से नसतात, आणि लोकांना ते जरा कंटाळवाणं वाटतं. लॉगमध्ये एखादं नाव खटकलं की आजही तिचा हात पिवळ्या रंगाकडे जातो आणि ते तिच्या स्वतःच्याच लक्षात येतं.

पावसाळ्यात कुणाकडून तरी कळलं की अनुपमा काकूंना सदाशिव पेठेत एका सीएच्या ऑफिसात काम मिळालं आहे. मुग्धाने मेसेज लिहायला घेतला. मोठा लिहिला, खोडला, शेवटी एक ओळ ठेवली: काकू, ऐकून खूप आनंद झाला, अभिनंदन. तो वाचल्याची खूण लगेच उमटली. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "धन्यवाद." खाली काही नाही, शुभ्राची चौकशीही नाही. मुग्धाने ते दोनतीनदा वाचलं. त्यात राग शोधला, माया शोधली. मग फोन पालथा ठेवला आणि कामाला लागली.